चार, सहा आणि दहा बोटे

सातवीच्या वर्गात गणिताच्या नव्या बाई खराटा घेऊन येतात, अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे गेली होती. ती ऐकून संयोगिताबाई मनापासून हसल्या. अंगण झाडायला लागल्यावर त्याचा खराटा होतो. त्याआधी ते नुसते नारळाचे हीर असतात. बनशंकरीतल्या त्यांच्या घरामागे दोन माड होते. झावळी खाली आली की त्या ओट्यावर बसून एकेक पाते चाकूने सोलत, हीर वेगळे करत आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. म्हणजे कापताना ते तडकत नाहीत. गठ्ठा कापडी पिशवीत घालून, सोबत सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे घेऊन त्या दर मंगळवारी आणि गुरुवारी शाळेत जात.

नव्या म्हणायला त्या नव्या होत्या, पण वयाने सत्तरीला टेकलेल्या. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी कन्नड शाळेत गणित शिकवले होते. निवृत्त झाल्यावर घरी उरले होते ते दूधवाल्याची वाट पाहणे, नवऱ्याच्या, म्हणजे रघुजींच्या, गोळ्या आणि संध्याकाळी देवळापर्यंत फेरी. आणि मग एक दिवस महांतेश दारात उभा राहिला. चिकोडीकडून मामाकडे शिकायला आलेला, मराठी आणि कन्नड दोन्ही तोंडात खेळवणारा आणि गणिताच्या तासाला मात्र तोंड न उघडणारा हा मुलगा आता एका शाळेचा मुख्याध्यापक झाला होता. बाईंनी त्याला अपूर्णांक भाकरी मोडून शिकवले होते, हे तो विसरला नव्हता. मुलांना सूत्रे येतात, पण त्रिकोण म्हणजे काय ते हाताला ठाऊक नाही, असे तो म्हणाला. बाई, तुम्ही या.

त्या गेल्या, आणि गेल्या त्या दिवसापासून त्यांची पाठ दुखायची थांबली. रघुजी म्हणत, डॉक्टरला एवढे पैसे घातले, त्यापेक्षा आधीच शाळेत धाडायला हवी होती.

ज्या गुरुवारी सगळे बिनसले, त्या दिवशी वर्गात त्रिकोणाच्या बाजूंचा पाठ होता. वर्गात कन्नड आणि इंग्रजीची खिचडी चाले, मध्येच एखाद्या घरातली मराठी. बाईंनी एकेका बाकावर दोघादोघांना हीर वाटले आणि पट्ट्या दप्तरात ठेवायला लावल्या. पट्टीवर आकडा वाचला की मुलांना वाटते लांबी कळली. त्यापेक्षा बोटांनी मोजा, असे त्या म्हणाल्या. चार बोटे जुळवून काडीवर ठेवायची, म्हणजे चार बोटे लांबी. अजून दोन ठेवली की सहा. मग कात्रीने कापायचे, टोके व्हॉल्वट्यूबमध्ये खुपसायची आणि बघायचे, कुठल्या तीन काड्या एकमेकींना धरतात आणि कुठल्या धरत नाहीत.

वर्ग नुसता गजबजून गेला. तीन-चार-पाच जमले. पाच-पाच-पाच जमले. दोन-तीन-आठला मात्र आखूड काड्यांनी हात टेकले; लांब काडीच्या दोन टोकांना बसून त्या एकमेकींकडे बघत राहिल्या, मध्ये रिकामी जागा. फळ्याचे दोन भाग करून बाईंनी एकीकडे ‘जमले’ आणि दुसरीकडे ‘नाही जमले’ लिहिले होते. चार-सहा-दहा आले तेव्हा बहुतेक बाकांवरून ‘नाही’ असाच आवाज आला. दोन काड्या तिसरीवर आडव्या झोपतात, मध्ये काही उरतच नाही, असे मुलांनी सांगितले. बाईंनी ते तिन्ही आकडे ‘नाही जमले’च्या खाली लिहिले. मागच्या बाकावर शौर्य नावाचा उंच, धष्टपुष्ट मुलगा हात वर करून उभाच होता. पण तेवढ्यात घंटा झाली आणि वर्ग दाराकडे पळाला.

शौर्यच्या हातात चार-सहा-दहाचा त्रिकोण होता, चांगला ऐसपैस. त्याने तो पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवला, बाजूंवर आकडे घातले आणि घरी नेऊन वडिलांपुढे ठेवला.

वडिलांचे नाव अभिमन्यू. पुण्याहून आलेले, के. आर. पुरमच्या पलीकडे कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर. मेट्रोत जाता-येता मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देणारा माणूस. पुस्तकात लिहिले आहे की कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असावी लागते. चार आणि सहा मिळून दहा, दहापेक्षा जास्त नव्हे. तेव्हा हा त्रिकोण होऊच शकत नाही. आणि तो तर समोर पुठ्ठ्यावर बसलेला. त्यांनी फोटो काढला आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिले: बाईंचा फळा बरोबर की माझ्या मुलाचा पुठ्ठा? दोन्ही बरोबर असू शकत नाहीत.

मग जे व्हायचे तेच झाले. कुणी म्हणाले, दोन महिने मुले काड्याच खेळताहेत. कुणी म्हणाले, सिलॅबस मागे पडला. एका आजोबांनी दप्तराशेजारी खराटा ठेवणे बरे नव्हे, हे पुन्हा उकरून काढले. संस्थेच्या मंडळींनी ते सगळे वाचले. त्यांची देवनहळ्ळीला नवी शाखा निघत होती, तिथे सगळे वर्ग पडद्यावर चालणार होते. इथे अजून काड्या का, असे त्यांनी महांतेशला विचारले.

शुक्रवारी सकाळी महांतेश बाईंच्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला, कॉफीचा पेला हातात तसाच धरून राहिला. शेवटी त्याने सांगितले की उद्या शनिवारी पालकांना वर्गात बोलावले आहे. अर्धा तास. पालकांचे समाधान झाले तर ठीक. नाही तर सोमवारी माणसे येऊन भिंतीवर पडदा लावतील, सातवीचे गणित पडद्यावर जाईल आणि बाईंना यायची गरज उरणार नाही.

“माझ्या हातात असतं तर, बाई,” तो म्हणाला.

“तुझ्या हातात कॉफी आहे, ती पी आधी,” संयोगिताबाई म्हणाल्या. “निवते आहे.”

पुठ्ठ्याचा फोटो त्यांनी त्याच्या फोनवर पाहिला. बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. आणि त्यांना हसू आले. महांतेशला वाटले, बाईंना विषयाचे गांभीर्य कळलेले नाही.

तो गेल्यावर रघुजी वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले की यात काय अवघड आहे, उद्या पट्टी घेऊन जा, पोरानं चुकीचं मोजलं म्हणून सांग आणि मोकळी हो.

“पोरानं चुकीचं मोजलेलं नाही.”

“मग?”

“त्याच्या शेजारी कावेरी बसते. एवढीशी आहे, पहिलीत शोभेल अशी चण. चार आणि सहा त्यानं मोजली असणार. दहा मोजायला तिला दिली. तिनंही बरोबरच मोजलं.”

रघुजींनी स्वतःची बोटे पाहिली, मग बायकोची. “म्हणजे दोघंही बरोबर आणि त्रिकोण चुकीचा. मग चुकलं कोण?”

“मी,” संयोगिताबाई म्हणाल्या. “आणि मालनबाईंची लेक असून चुकले, याचंच नवल वाटतं.”

मालनबाई म्हणजे त्यांची आई. कुणा सरदाराबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले हे घराणे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि बाजारात दोन्हींचे मिळून जे काही होईल ते. या घरात एक पद्धत होती. गौरी जेवायच्या दिवशी तांदूळ ज्या बाईच्या मुठीने मोजायला घेतले, शेवटचा दाणाही तिच्याच मुठीने मोजायचा. सुवासिनींना द्यायची शेवंतीची माळ बाजारातून मोळावर येई. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ, आणि तो अर्थात फुलवालीच्या हाताचा. घरी आणल्यावर मालनबाई ती माळ पुन्हा स्वतःच्या हाताने मोजून एकेक मोळ तोडत. मध्येच कुणी हाक मारली तरी हात बदलायचा नाही. उठायचेच झाले तर माळ तशीच टोपलीत ठेवून जायचे.

एका वर्षी चुलीवरचे दूध उतू जायला लागले आणि मालनबाई धावल्या. त्या येईपर्यंत खोळंबा नको म्हणून धाकट्या काकूने माळ हातात घेतली. काकूचा हात मालनबाईंपेक्षा चांगला चार बोटे आखूड. झाले. आधी तोडलेल्या माळा ज्यांना मिळाल्या त्यांच्या वेणीभर फुले, आणि काकूने तोडलेल्या ज्यांना मिळाल्या त्यांच्या अंबाड्याला अर्धा वळसा. कुणी काही बोलले नाही. पण थोरल्या आत्याने जेवताना लाडू परत केला आणि दसऱ्यापर्यंत त्या माहेरी फिरकल्या नाहीत. संयोगिता तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आत्याच्या अंबाड्यावरचा तो तोकडा, तिरका झालेला गजरा साठ वर्षांनीसुद्धा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आणि तरी वर्गात हीर वाटताना मुलांना सांगायला त्या विसरल्या, की त्रिकोण एकाच हाताचा हवा.

“मग उद्या हेच सांग की,” रघुजी म्हणाले. “आत्याचा लाडू सोड, बाकीचं सांग. दोन मिनिटांचं काम.”

“मी सांगितलं तर ते माझ्यापाशीच राहील. त्यांना सापडायला हवं.”

“अर्ध्या तासात? पालकांसमोर? आणि नाही सापडलं तर?”

संयोगिताबाई मागच्या दारी जाऊन झावळी ओढून घेऊन बसल्या. हात चालू असले की त्यांना भीती वाटत नसे. नाही सापडले तर काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुन्हा दूधवाला, पुन्हा गोळ्या, पुन्हा देवळापर्यंत फेरी. आतून रघुजी म्हणाले, “स्वल्प दमानं. बोट कापून घेशील.” त्यांनी उद्यापुरते हीर सोलून होईपर्यंत मान वर केली नाही.

शनिवारी वर्गात बाकांवर मुले आणि भिंतीला लागून पालक उभे होते. काहींच्या हातात अजून हेल्मेट होते. अभिमन्यू पुढेच होते, हाताची घडी घालून. त्यांचा चेहरा भांडखोर नव्हता. ज्याला खरेच उत्तर हवे असते त्याचा तो चेहरा होता, आणि संयोगिताबाईंना तो पहिल्याच नजरेत आवडला. महांतेश दाराशी घड्याळाखाली उभा होता.

बाईंनी पुठ्ठा फळ्याला टेकवून ठेवला. शौर्यच्या बाबांनी विचारले आहे की फळा बरोबर की पुठ्ठा, असे त्या म्हणाल्या, आणि हा प्रश्न इतका चांगला आहे की तो मी वाया घालवणार नाही, तुम्हालाच देते. मग त्यांनी शौर्यला पुढे बोलावले आणि तोच त्रिकोण सगळ्यांसमोर पुन्हा करायला सांगितला.

शौर्य ऐटीत आला. जमिनीवर मांडी घालून बसला. चार बोटे मोजली, कापली. सहा मोजली, कापली. दहा मोजली, कापली. टोके व्हॉल्वट्यूबमध्ये बसवली आणि तिसरे टोक जोडायला गेला. दोन्ही काड्या आडव्या होत होत तिसरीवर जाऊन निजल्या. त्याने त्या उचलल्या, पुन्हा बसवल्या. पुन्हा निजल्या. मागून कुणीतरी फिसकन हसले. शौर्यचे कान लाल झाले.

“काड्या बदलल्यात,” तो म्हणाला. “त्या दिवशीच्या वेगळ्या होत्या.”

“काड्या त्याच माडाच्या आहेत,” बाई म्हणाल्या.

“मॅडम,” अभिमन्यू म्हणाले, “म्हणजे फळा बरोबर होता, ओके. पण मग हा पुठ्ठ्यावरचा कुठून आला? तो पण यानंच केलाय. मी चिकटवताना पाहिलंय.”

“तेच शोधायचं आहे,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या.

वर्गात कुजबुज झाली. एक मुलगा म्हणाला, डिंकाने काडी ताणली गेली असेल. दुसरी म्हणाली, शौर्यने फसवाफसवी केली. ते ऐकून शौर्यचे डोळे भरून आले आणि त्याने मान खाली घातली. पालकांपैकी कुणी घड्याळ पाहिले. महांतेशने बाईंकडे पाहून भुवया उंचावल्या: सांगून टाका ना. निम्मा वेळ गेला होता. उत्तर बाईंच्या जिभेवर होते, आणि ते गिळून बसणे एवढे जड जाईल असे त्यांना वाटले नव्हते. पण त्यांचे लक्ष मागच्या बाकावर होते. तिथे कावेरी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून स्वतःची बोटे बघत होती. ती कधीच वर्गात बोलत नसे. विचारले तरी उत्तर शेजारच्याच्या कानात सांगायची. आज बोलायचे म्हणजे, ती चुकीची काडी माझी, हे एवढ्या मोठ्या माणसांसमोर कबूल करायचे. त्या मुलीला उत्तर कळले होते, आणि ते कळल्याचीच तिला धास्ती वाटत होती. बाईंना हे इतके स्वच्छ दिसत होते की त्यांनी तिच्याकडे बघायचेही टाळले.

कावेरी उभी राहिली.

“त्या दिवशी दहा मी मोजली होती,” ती म्हणाली.

आवाज एवढा बारीक की बाईंनी तिला पुढे येऊन सांगायला लावले. ती आली, शौर्यशेजारी बसली. मोजण्यात काही चूक केली होतीस का, असे बाईंनी विचारले. कावेरीने मान हलवली. चूक नव्हती केली. तिने नवा हीर घेतला, सगळ्यांना दिसतील अशी एकेक करून बोटे टेकवली, दहा झाली तेव्हा कापले. ती काडी शौर्यच्या दहाच्या काडीशेजारी ठेवल्यावर वर्गातले पुढचे बाक उठून उभे राहिले. दोन्ही दहा बोटे, आणि एक दुसरीपेक्षा हातभर नव्हे तरी चांगली आखूड.

शौर्यने तिचा हात ओढून स्वतःच्या हाताला लावला. त्याच्या तीन बोटांत तिची चार मावत होती.

“अरे, हे तर फुलवालीसारखं झालं,” मागून एक मुलगी म्हणाली. “माझी आई नेहमी उंच फुलवालीकडूनच घेते. तिचा मोळ मोठा असतो.”

यावर पालक हसले, एका आईने तर लेकीकडे बघून डोळे वटारले. अभिमन्यू मात्र हसले नाहीत. त्यांनी बूट काढले आणि फॉर्मल पँटसह जमिनीवर मांडी घातली. “मला द्या,” म्हणाले. त्यांनी स्वतःच्या बोटांनी चार आणि सहा कापली आणि कावेरीची दहा मागून घेतली. त्रिकोण झाला, शौर्यच्या पुठ्ठ्यावरच्यापेक्षाही उंच. मग त्यांनी थोडा विचार केला.

“आता उलट. कावेरी, तुझी चार आणि सहा. दहा माझी.”

कावेरीने काड्या कापून दिल्या. त्यांनी आपल्या लांबलचक दहाच्या दोन टोकांना त्या बसवल्या आणि खाली पाडल्या. दोन्ही काड्या पूर्ण आडव्या झाल्या तरी टोके एकमेकींना लागेनात. मध्ये तीन-चार बोटे जातील एवढी फट. शौर्यने वाकून त्या फटीत स्वतःची बोटे घालून पाहिली.

जमिनीवर आता तीन आकृत्या होत्या, तिन्ही चार-सहा-दहाच्या. एक ऐसपैस, एक निजलेली, एक उघडी पडलेली. बाई उठल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, की आकडे तेच असून असे का झाले.

“आकडे तेच आहेत,” शौर्य हळूहळू म्हणाला, “पण काड्या त्याच नाहीत. बेरीज काड्यांची करायची ना. आकड्यांची नाही.”

“एकाच हातानं मोजलं तर आकड्यांची पण चालते,” कावेरी म्हणाली. आता तिचा आवाज दारापर्यंत पोचत होता. “हात बदलला की चालत नाही.”

“मग वर्गात सगळ्यांचं जमायला काय करावं लागेल?” बाईंनी विचारले.

“सगळ्यांना एकच हात पाहिजे,” कावेरी म्हणाली.

मग शौर्य उठला, दप्तर उघडले, कंपासपेटीतली पट्टी काढली आणि कावेरीसमोर धरली. “हा घे,” म्हणाला, “सगळ्यांचा हात.”

संयोगिताबाई तीस-बत्तीस वर्षे पट्टीने फळ्यावर रेघा मारत आल्या होत्या. पट्टीबद्दल एवढे नेमके त्यांना कधी सुचले नव्हते. आपल्या आईला हे ऐकवायला हवे होते, असे त्यांना वाटून गेले.

पण अभिमन्यू अजून जमिनीवरच होते, आणि त्यांचा दुसरा प्रश्न बाकी होता. हे सगळे छान आहे, ते म्हणाले, मलाही मजा आली. पण परीक्षेत असे विचारतात की दोन बाजू चार आणि सहा, तर तिसरी किती असू शकेल. तिथे बोटे आणि काड्या नसतात. तिथे हा काय लिहिणार? महांतेश पुढे सरकला. बाईंनी त्याला हातानेच थांबवले आणि शौर्यकडे पाहिले.

शौर्यने स्वतःच्या चारची आणि सहाची काडी एका टोकाला जोडली आणि अडकित्त्यासारखी मिटली.

“मिटलं की चारची काडी सहावर बसते. पुढे दोन उरतात,” तो म्हणाला. मग दोन्ही काड्या उघडत उघडत सरळ रेषेत आणल्या. “पूर्ण उघडलं की दहा. तिसरी काडी म्हणजे या दोन टोकांमधलं अंतर. दोन ते दहा.”

“दोन चालेल?” वडिलांनी विचारले.

“नाही. तेव्हा मिटलेलं असतं.”

“दहा?”

“ते आत्ताच निजलं ना, बाबा. तुमच्यासमोर.”

“साडेनऊ?”

“चालेल. पण चपटा होईल. ढोकळ्यासारखा नाही, पापडासारखा.”

“दोनपेक्षा मोठं, दहापेक्षा लहान,” म्हणत कावेरीने त्याच्या हातातून काड्या घेऊन अगदी थोड्याशा उघडल्या. “असा पण चालतो. सुईसारखा.”

भिंतीजवळच्या पालकांपैकी दोघे-तिघे आता पुढे येऊन वाकून बघत होते. एका वडिलांनी हेल्मेट बाकावर ठेवून दोन हीर मागितले. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता.

अभिमन्यू उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि बूट हातात घेऊन बाईंसमोर उभे राहिले. “मॅडम, माझा प्रश्न चुकीचा नव्हता,” ते म्हणाले.

“मुळीच नव्हता. तुम्ही तो मला आधी विचारला असता तर बरं झालं असतं, एवढंच. ग्रुपवर टाकलात म्हणून माझ्या मुख्याध्यापकाची झोप उडाली.”

ते ओशाळून हसले. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की सातवीत आम्हाला हे एका ओळीत लिहून दिले होते. ती ओळ मला अजून पाठ आहे, पण ती खरी का, हे मी आज पाहिले. हे त्यांनी कुणाला दाखवायला म्हटले नव्हते. मागे उभ्या असलेल्या पालकांनी मात्र ऐकले.

महांतेश बाईंजवळ आला. सोमवारी पडदा लावायला माणसे येणारच, असे त्याने हळू आवाजात सांगितले; आता ती थांबवता येणार नाहीत. संयोगिताबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

“नववीची भिंत रिकामी आहे,” तो पुढे म्हणाला. “तिकडे पाठवतो त्यांना. संस्थेला मी सांगतो, बाई. सांगायला आज माझ्यापाशी काहीतरी आहे.”

“सरी, तसंच कर,” संयोगिताबाई म्हणाल्या. “आणि मंगळवारी सगळ्यांना पट्ट्या आणायला सांग. आता त्या परक्या वाटायच्या नाहीत.”

त्या निघाल्या तेव्हा वर्ग सुटलेला होता, पण मागच्या कोपऱ्यातला घोळका हलला नव्हता. कावेरीने तीन काड्यांच्या जागी चार जोडल्या होत्या. चौकोन झाला होता खरा. पण उभा धरला की एका बाजूला कलत होता आणि सोडला की पार कोलमडत होता. शौर्यने टोके घट्ट बसवली, तरी तो कललाच. अभिमन्यू एक बूट पायात आणि एक हातात अशा थाटात पुन्हा खाली बसले होते.

“मॅडम, हे का पडतंय?” त्यांनी मान वर करून विचारले. “त्रिकोण तर हलत नव्हता.”

संयोगिताबाईंनी पिशवी खांद्याला लावली. “मला काय विचारता?” त्या दाराशी थांबून म्हणाल्या. “काड्या तुमच्या हातात आहेत.”